निष्ठा : सध्या डावी

बँकेत खातं उघडायचा फॉर्म चार पानांचा असतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, वारस, व्यवसाय असं बरंच काही विचारलेलं असतं. राजकीय निष्ठा विचारलेली नसते. चाचांनी माझ्या टेबलावर ठेवलेल्या फॉर्मात मात्र ‘व्यवसाय : पत्रकार’च्या खाली पट्टीने आखून एक नवा रकाना काढलेला होता आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘राजकीय निष्ठा : सध्या डावी.’

साताऱ्याहून बदली होऊन मी बालीगंजच्या शाखेत रुजू झाले त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. फॉर्मात खाडाखोड चालत नाही हे मला शिकवलेलं होतं, पण भर घातलेली चालते की नाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी हिंदीत म्हटलं की हा रकाना आमच्याकडे नसतो. समोरच्या सहा फुटी, पांढऱ्या मिशांच्या, खिशाला तीन पेनं लावलेल्या गृहस्थांनी माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली, आडनावावर जरा थांबले आणि चक्क मराठीत म्हणाले, “नसतो, ठाऊक आहे. म्हणून तर मी घरून आखून आणते.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “तू मराठी होय? कधी आलास कलकत्त्याला?”

हे कोडं उलगडायला मला चार भेटी लागल्या. चाचांचे वडील रत्नागिरीकडचे, आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. बिऱ्हाड रंगूनला, आणि चाचांचा जन्मही तिथलाच. वडील वारले, तिकडचे दिवस फिरले आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन आई बोटीने कलकत्त्याला उतरली. गल्लीत उर्दू होतं, बाजारात बांगला होतं, मराठी बोलणारी माणसं मात्र एकूण दोन : आई आणि हे. त्यामुळे आई स्वतःबद्दल जशी बोलायची तसे हे स्वतःबद्दल बोलायचे, आणि आई ह्यांच्याशी जशी बोलायची तसे हे समोरच्या प्रत्येकाशी, मग समोर बाई असली तरी. ती गेल्यावर चाचांचं मराठी जिथे होतं तिथेच थांबलं. मी दोन महिने सुधारून पाहिलं. मग एक दिवस त्यांनी “जेवलास का?” विचारलं आणि मी सगळ्या स्टाफसमोर “हो चाचा, जेवलो” असं उत्तर देऊन मोकळी झाले. त्यानंतर मी सुधारणेचा नाद सोडला.

मला ते ‘मॅनेजर’ म्हणत. माझा नवरा साताऱ्यात, मुलगी होस्टेलला, त्यामुळे रविवारी सकाळी चाचांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाणं हा माझा नेम झाला. तिथे चाची होत्या. चाची म्हणजे बांगला शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, पाच फुटांच्या आतल्या, आवाज घंटेसारखा. माझ्याशी त्या हिंदीत बोलत आणि चाचांविषयी माझ्याशीच बोलत, चाचा समोर बसलेले असले तरी. “हा माणूस आज कुणाकडे आहे, विचारलंस का?” हे त्यांचं मला पहिलं वाक्य असे. चहा त्यानंतर.

कारण चाचा सतत कुठल्या ना कुठल्या पक्षात असत. पक्षांची नावं मी इथे लिहीत नाही. बँकेच्या नोकरीत तीस वर्षं काढल्यावर ती नावं बोटावर येईनाशी होतात. एवढंच सांगते की बंगालात जेवढे पक्ष आहेत, त्यांतले जेवढे फुटले आणि फुटून जेवढे झाले, त्यांतल्या बहुतेकांत चाचा जाऊन आले होते. लोभाने म्हणाल तर तसं मुळीच नाही. कुठल्याच पक्षाने त्यांना कधी काही दिलं नाही, आणि द्यायला कुणी आलाच असता तर त्याच्या आत चाचा पक्ष सोडून गेलेले असते. त्यांचा आजार वेगळा होता. समोरच्याचं बोलणं त्यांना पटायचं. मासळीवाल्याचं पटायचं, डॉक्टरचं पटायचं, कंडक्टरचं पटायचं. पत्रकाराला हा आजार फार वाईट, कारण दिवसभर लोकांचं ऐकणं हाच त्याचा धंदा.

पक्षप्रवेशाचा त्यांचा एक विधी होता. त्या दिवशी ते दाढी घोटून करत, कानामागे अत्तर लावत आणि चाचींना सांगून निघत. प्रवेशाच्या आधी, घरीच, ते राजीनामा लिहून ठेवत. तारखेची जागा कोरी, बाकी मजकूर पूर्ण, अस्खलित उर्दूत. तो घडी करून आतल्या खिशात. एकदा मी विचारलं की आत जायच्या आधीच बाहेर पडायचा कागद कशाला. चाचा म्हणाले, निकाह लागताना बायकोच्या हक्काची मेहरची रक्कम आधीच ठरवतात, म्हणून काय कुणी तलाक घ्यायला बसलेलं असतं? सोय असावी. आतल्या खोलीतून चाची म्हणाल्या की माझा मेहर ठरवताना ह्या माणसाने काझीलाही दोन्ही बाजू समजावून सांगितल्या होत्या.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग सांगते. पार्क सर्कसजवळ माझी टॅक्सी मोर्चात अडकली. मोर्च्याच्या पुढच्या रांगेत, फलकाचा एक दांडा धरून, चाचा. मला बघून त्यांनी दुसरा हात हलवला. समोरून दुसऱ्या पक्षाचा मोर्चा आला, पोलिसांनी दोघांना थोपवलं आणि दोन्हीकडची माणसं एकाच टपरीवर मातीच्या भांड्यातून चहा प्यायला लागली. चाचा तिथे विरुद्ध बाजूच्या एका म्हाताऱ्याशी बोलताना मला दिसले. आधी हातवारे करत होते, मग हातवारे थांबले, मग नुसती मान हलायला लागली. ती हलती मान बघून पुढचं मला कळून चुकलं, कारण तोवर मी त्यांना ओळखायला लागले होते. अर्ध्या तासाने रस्ता मोकळा झाला आणि माझी टॅक्सी दुसऱ्या मोर्च्याच्या मागे लागली. त्यात पुढच्या रांगेत चाचा होते. पहिल्या मोर्च्याचा फलक त्यांनी प्रामाणिकपणे परत केलेला होता.

बातमीदारीत सुद्धा त्यांची तऱ्हा हीच. एका सभेचा वृत्तान्त आणायला बराकपूरच्या लोकलमध्ये बसले. गाडीत खिडकीवरून दोन माणसांचं भांडण लागलं, ते रंगत गेलं, चाचा ऐकत राहिले, स्टेशन येऊन गेलं. परतीच्या गाडीत बसून त्यांनी ते भांडणच सभा म्हणून लिहून काढलं. एका प्रवाशाला अध्यक्ष केलं, दुसऱ्याला प्रमुख वक्ता. दुसऱ्या दिवशी खऱ्या प्रमुख वक्त्याचा फोन आला की माझे विचार इतके नेमके आजवर कुणी मांडले नव्हते.

पण त्यांची खरी कीर्ती वेगळ्याच कामाची, आणि ती कीर्ती कुणाला ठाऊक नव्हती. एका डाव्या उर्दू साप्ताहिकात ‘मल्लाह’ नावाने लेख येत. एका सांजदैनिकात ‘दरबान’ नावाने त्यांना उत्तर येई. मल्लाह तापट, दरबान थंड आणि खवचट. अकरा वर्षं हे दोघे एकमेकांची सालटी काढत होते. गल्लीतल्या चहाच्या दुकानात मल्लाहवाल्यांचं एक बाकडं आणि दरबानवाल्यांचं दुसरं. मल्लाह म्हणजे चाचा. दरबान म्हणजेही चाचा. सकाळी एका टेबलाशी बसून मल्लाह लिहायचा, दुपारी झोप काढून तो लेख वाचायचा, चिडायचा आणि दरबान लिहायचा. चाची सांगत की दुपारच्या चहाला ह्यांचं तोंड पाडलेलं असे, कारण सकाळच्या माणसाने ह्यांचा अपमान केलेला असे.

शेवटी वाचकांनीच घोळ घातला. दोन्ही बाकड्यांनी मिळून ठरवलं की ह्या दोघांना एका व्यासपीठावर आणायचं. हॉल ठरला, पत्रकं वाटली, गल्लीत पैजा लागल्या. चाचा तीन दिवस जेवले नाहीत. सभेच्या सकाळी मल्लाहला ताप आल्याची चिठ्ठी एका संपादकाकडे गेली आणि दरबानला ताप आल्याची दुसऱ्याकडे. चाचींनी दोघांच्या वतीने एकच गोळी दिली. हॉलमध्ये जमलेल्या मंडळींनी आपसात वाद घालून सभा साजरी केली, आणि चाचा मागच्या रांगेत बसून ती ऐकत होते. घरी येऊन म्हणाले की मल्लाहपेक्षा त्याचा तो टेलर वाचक फार चांगला बोलला.

मी एकदा वैतागून विचारलं होतं की चाचा, तुमचं स्वतःचं असं काही म्हणणं आहे का. ते म्हणाले, “खुदाने कान दोन दिलेत मॅनेजर. मग मी पार्टी एक कशी ठेवते?” मला हसू आलं आणि थोडा रागही आला. माणसाने कुठेतरी ठाम असावं असं मला तेव्हा वाटत होतं. नेमावर चालणाऱ्या नोकरीत हे वाटणं सोपं असतं.

मतदानाच्या दिवशी मात्र चाचांचा थाट बघण्यासारखा. मी तिथे असताना एक निवडणूक झाली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी बँकेत शाई लावलेलं बोट वर धरून आले. रांगेतल्या लोकांना दाखवलं, शिपायाला दाखवलं, मला दाखवलं. कुणाला दिलं ते न विचारता सांगितलं, का दिलं तेही सांगितलं, आणि आता चूक झाल्यासारखी वाटते असंही सांगितलं.

आणि मग गेल्या थंडीत, एका मंगळवारी, ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि खिशातली तिन्ही पेनं काढून टेबलावर ओळीने लावत राहिले. मला वाटलं चाचींना काही झालं. त्यांनी हळूच सांगितलं की मतदार यादीचं काम करणारा एक मास्तर घरोघर फिरत होता. त्याने चाचींचं नाव वाचलं आणि विचारलं, घरात आणखी कुणी आहे का. चाची बाजारात गेल्या होत्या. चाचांनी दारात उभं राहून सांगितलं की आणखी कुणी नाही.

“म्हणजे?” मी म्हटलं.

“म्हणजे माझं नाव यादीत नाही. कधीच नव्हतं.”

तरुणपणी ते एकदा नाव घालायला गेले होते. कारकुनाने बापाचा कागद मागितला. बाप समुद्रात गेलेला, कागद कुठून येणार? चाचांना अपमान वाटला. त्यांनी त्या कचेरीवर तीन भागांची लेखमाला लिहिली. लेखमाला गाजली आणि चाचांना वाटलं काम झालं. लेख लिहिला की काम झालं असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. पुढे जायची लाज वाटू लागली, मग भीती वाटू लागली, मग इतकी वर्षं गेली की आता कुठल्या तोंडाने जाणार असं झालं. दर मतदानाला ते टोपी घालून घरून निघत, तलावाकाठी दोन तास बसत आणि फाउंटन पेनाच्या शाईने स्वतःचं बोट रंगवून परत येत.

मी हसायला लागले आणि मध्येच थांबले, कारण चाचा हसत नव्हते. ते म्हणाले, “सगळ्या गावाला सांगत आले, ह्याला निवडा, त्याला पाडा. मला कुणी विचारलंच नाही मॅनेजर. एकदा तरी विचारू दे. नाहीतर मी बोटीवरून उतरले की नाही तेच कळायचं नाही.” मिशावाला सहा फुटी माणूस ‘उतरले’ म्हणाला आणि मला त्या क्षणी त्यात काहीही गमतीचं वाटलं नाही. मला त्यांची आई दिसली, धक्क्यावर उभी.

त्यांची खरी भीती सरकारची नव्हती, चाचींची होती. चाचींनी नोकरीत असताना प्रत्येक निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्यूटी केली होती. हजारो बोटांना शाई लावलेली बाई. मी म्हटलं, आधी घरी सांगायचं, मग अर्ज. दोघं मिळून गेलो. चाचांनी भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. चाची चणाडाळ निवडत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

“शाई डाव्या बोटाला लावतात,” त्या मला म्हणाल्या. “हा माणूस डावखुरा. पेन डाव्या हातात, म्हणून रंगतं उजवं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी उजवं बोट बघते आहे.”

चाचांनी विचारलं की मग आजवर बोलली का नाहीस. चाची म्हणाल्या, खोटं बोलायला तरी हा माणूस मला एकदा विचारील, कुठलं बोट म्हणून, याची वाट बघत होते. मग त्यांनी डाळ बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, “तू बँकेतली ना? कागद काढ.”

कागद काढायचं काम मला येतं. आधार होतं, रेशनकार्ड होतं, पण अर्जावर लगेच प्रश्न आला, आणि तो बरोबरच होता : सत्तरीला टेकलेला माणूस पहिल्यांदा नाव घालतो, तर इतकी वर्षं होता कुठे? जुना पुरावा घेऊन सुनावणीला या. चाचींनी लोखंडी ट्रंक उघडली. आईचा बोटीवरून उतरल्याचा कागद निघाला. त्यावर तिचं नाव होतं आणि पुढे, ‘सोबत मुलगा एक, वय सात’. त्या एका मुलाला नाव नव्हतं. चाचा म्हणाले, मी पत्रकार आहे, छापील पुरावा देते. कात्रणांचे गठ्ठे काढले. पंचेचाळीस वर्षांचं लेखन. मल्लाह, दरबान, एक शहरवासी, आमचा खास प्रतिनिधी, एक जागरूक नागरिक. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत चाळत बसले. चाचांचं स्वतःचं नाव एकाही कात्रणावर नव्हतं. जागरूक नागरिकाला आपण नागरिक असल्याचं सिद्ध करता येत नव्हतं.

ट्रंकेच्या तळाशी चाचींच्या शाळेच्या वहीत टाचण्यांनी लावलेल्या पावत्या होत्या. चाची शिस्तीच्या. नवऱ्याने घरी आणलेला प्रत्येक कागद त्यांनी वर्षवार लावला होता. पक्षांच्या सभासदत्वाच्या पावत्या, एकूण सतरा. प्रत्येकीवर शाखेचा शिक्का, तारीख, आणि चाचांचं पूर्ण नाव. लेखाला टोपणनाव चालतं, पक्षप्रवेशाला चालत नाही. मी त्या वाचत गेले. पक्ष दर दोन-तीन वर्षांनी बदलत होता. पत्ता सगळ्यांवर एकच होता, हीच गल्ली, हाच तिसरा मजला.

सुनावणी जवळच्या शाळेत होती. लहान मुलांच्या बाकावर चाचांचे गुडघे छातीला लागत होते. साहेब तरुण होता, सकाळपासून माणसं ऐकून थकलेला. मी चाचींच्या नोकरीचे कागद, लग्नाचा दाखला, बोटीचा कागद असं सगळं बँकेच्या शिस्तीने लावून दिलं. पावत्या कुठल्याच नियमात बसत नव्हत्या, म्हणून मी त्या आणायच्या नाहीत असं बजावलं होतं. चाचींनी वही पिशवीतून काढून साहेबापुढे ठेवली.

साहेबाने पहिली पावती वाचली. दुसरी वाचली. चौथीला त्याने वर बघितलं, सातवीला शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. एकीवर त्याला कुठलासा पक्ष ओळखूच येईना, तेव्हा चाचांनी उठून तो पक्ष कसा फुटला, कुणाचं चुकलं आणि दुसऱ्याचंही कसं बरोबर होतं हे सांगायला सुरुवात केली. चाचींनी त्यांचा कोट मागून ओढला. ते बसले. मला वाटलं, झालं, ह्या वहीने घात केला. असल्या माणसाला कोण खरं मानणार.

साहेबाने वही मिटली. “हे कागद मला धरता येत नाहीत,” तो चाचींना बांगलात, शाळेतल्या बाईंना मारतात तशी हाक मारून म्हणाला, “पण दीदीमोनी, ह्या सगळ्या पक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतो आहे. ते म्हणजे, हा माणूस इथेच राहतो.” मग त्याने बाकीचे कागद पुढे ओढले आणि प्रत्येकावर सही मागितली. यादी लागली तेव्हा चाचांनी स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मतदानाच्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच गेले. केंद्राच्या बाहेर, नियमाइतक्या अंतरावर, पक्षांची टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावर चाचांचा कुणी ना कुणी जुना सोबती. प्रत्येकाला वाटत होतं की चाचा मुळात आपलेच. चाचींनी त्यांना सगळ्या टेबलांच्या मधून हाताला धरून नेलं. पाच मिनिटांचं काम, चाचा पाऊण तासाने बाहेर आले. यंत्रापुढे इतका वेळ उभे राहिले की आत कुणीतरी दोनदा हाक मारली म्हणे. टेबलांवरून प्रश्न सुरू झाले. चाचांनी सगळ्यांना सलाम केला आणि ते चालू लागले. 

तिसऱ्या दिवशी चाचींचा मला बँकेत फोन. हा माणूस बोलत नाही. बातम्या लावल्या तर नुसता ऐकतो. मान हलवत नाही. डॉक्टरला दाखवू का?

संध्याकाळी मी गेले. चाचा खिडकीत बसले होते, प्रकृती उत्तम. चाची स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात पळी, कान इकडे. मी चाचांना सरळ विचारलं की कुणाला दिलंत.

“नाही सांगणार,” चाचा म्हणाले.

मी म्हटलं, मला नका सांगू, चाचींना तरी सांगा, त्या काळजी करतायत.

“तिलाही नाही. पंचेचाळीस वर्षं, पोटात आलं ते छापत आले मी. मल्लाहचं छापलं, दरबानचं छापलं. हे एकच माझं आहे, मॅनेजर. हे राहू दे माझ्याकडे.”

 चाची दारातून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी चाचांना विचारलं, “तू चहा घेणार का?” मला नाही, त्यांना विचारलं.